समुपदेशन आणि समेटाचा आकडा

नागपुरात कौटुंबिक समुपदेशनाचा विषय निघाला की चर्चा फार लवकर ठरलेल्या वळणावर जाते. एका बाजूला संसार वाचवण्याची काळजी वाहणारी मंडळी असतात. पोलिसांच्या कक्षात, लोकअदालतीत किंवा कौटुंबिक न्यायालयात किती जोडप्यांचा समेट झाला, किती सुना पुन्हा नांदायला गेल्या, याचे आकडे ती समाधानाने सांगतात आणि लग्नापूर्वीच समुपदेशन सक्तीचे करावे अशी मागणी करतात. समोरच्या बाजूला एरवी कशावरच एकमत न होणारे दोन गट एकत्र आलेले दिसतात: समुपदेशकच तरुणांना हक्कांची भाषा शिकवून घरे फोडतात असे मानणारे, आणि समुपदेशन म्हणजे बाईला गप्प करून परत पाठवण्याची सरकारी सोय आहे असे मानणारे. परिसंवादाचे व्यासपीठ असो की धरमपेठेतला एखादा दिवाणखाना, हे तिन्ही पक्ष तावातावाने बोलतात. पण त्यांतले पहिले दोन तरी एकाच मापाने मोजतात आणि तिसऱ्यालाही ते माप गृहीत धरूनच उत्तर द्यावे लागते. लग्न टिकले की मोडले, एवढेच ते माप.

हे मापच चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. जोडप्यांवरील आणि कुटुंबांवरील मानसोपचार ही गेल्या सत्तरएक वर्षांत प्रयोगांतून, चुकांतून आणि पाठपुराव्यातून घडलेली विद्या आहे. तिला काय जमते आणि काय जमत नाही, हे बऱ्याच अंशी मोजले गेले आहे. दोन्हीकडच्या नातेवाइकांना समोरासमोर बसवून तासाभरात घडवून आणलेला समेट ही निराळी गोष्ट आहे. तिचेही समाजात स्थान असेल, पण तिला उपचार म्हणता येत नाही. या दोहोंना एकाच नावाने ओळखल्यामुळे उपचाराची बदनामी होते आणि समेटाच्या बैठकीत होणाऱ्या अन्यायाला शास्त्राचे कवच मिळते. समुपदेशन यशस्वी झाले की नाही हे ठरवायचे असेल, तर त्या घरातली माणसे सुरक्षित आहेत का, त्यांचा त्रास कमी झाला का, आणि एकत्र राहण्याचा किंवा न राहण्याचा निर्णय त्यांनी दबावाविना घेतला का, हे विचारावे लागेल. लग्न टिकणे हे या प्रश्नांच्या उत्तरांतून निष्पन्न होऊ शकते. परंतु ते आधीच ठरवून ठेवलेले साध्य असेल, तर समुपदेशकाच्या खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वीच दोघांपैकी एकाचे म्हणणे निकालात निघालेले असते.

संशोधन काय सांगते ते आधी पाहू, कारण आपल्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन या मानसशास्त्रज्ञांनी लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटल येथे दीर्घकाळ तीव्र कलहात असलेल्या १३४ विवाहित जोडप्यांवर दोन उपचारपद्धतींची तुलना केली. एक पद्धत वर्तन बदलण्यावर भर देणारी होती. दुसरी, जे बदलत नाही ते समजून घेऊन स्वीकारण्यावरही भर देणारी होती. प्रत्येक जोडप्याला जास्तीत जास्त २६ सत्रे मिळाली आणि नंतर पाच वर्षे त्यांचा पाठपुरावा झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील जवळपास निम्म्या जोडप्यांत ठळक सुधारणा टिकून होती, तर २६ ते २८ टक्के जोडपी विभक्त किंवा घटस्फोटित झाली होती. आपल्याकडच्या मापाने यांतली पाव जोडपी म्हणजे अपयश आणि बाकी सगळे यश. पण एकूण जोडप्यांपैकी निम्मीच सुधारलेली होती, म्हणजे आणखी साधारण पाव हिस्सा असा उरतो की जो एकत्र राहिला आणि दुःखी राहिला. समेटाच्या आकड्यात ही जोडपी विजयाच्या रकान्यात पडतात. हा विजय कोणाचा?

दुसरा एक प्रयोग याहून बोलका आहे. डग्लस स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन उपचारपद्धतींची तुलना केली तेव्हा उपचार संपताना आणि त्यानंतर सहा महिन्यांनीही दोन्हींचा परिणाम सारखाच दिसत होता. चार वर्षांनी पाहिले तेव्हा एका गटातील ३८ टक्के जोडप्यांचा घटस्फोट झाला होता आणि दुसऱ्या गटात हेच प्रमाण ३ टक्के होते. हा अभ्यास लहान होता, १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एवढी मोठी तफावत पुढे सर्वत्र आढळली असे नाही. त्यामुळे एक पद्धत श्रेष्ठ असा निकाल मी त्यावरून काढणार नाही. मात्र त्यातली एक गोष्ट नाकारता येत नाही. उपचार संपल्याच्या दिवशी जे दिसते त्यावरून पुढचे काही सांगता येत नाही. मग समेटाच्या कागदावर सही झाल्याच्या दिवशी जे दिसते त्यावरून काय सांगता येईल? रुग्ण घरी गेला एवढ्यावर तो बरा झाल्याची नोंद करणाऱ्या रुग्णालयाला आपण क्षणभरही मान्यता देणार नाही. कौटुंबिक समुपदेशनात मात्र आपण नेमके तेच करतो आणि त्याचे आकडे वर्तमानपत्रात छापतो.

विरोधी बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे कायद्याचे आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या प्रस्तावनेतच समेटाला चालना देण्याचा हेतू नोंदलेला आहे आणि त्याच्या कलम ९ नुसार, प्रकरणाचे स्वरूप पाहून शक्य असेल तेथे पक्षकारांना तडजोडीस साहाय्य करणे हे न्यायालयाचे पहिले कर्तव्य आहे. हिंदू विवाह कायद्यातही समेटाच्या प्रयत्नांची तरतूद आहे. मग समुपदेशकाने समेट घडवला तर तो कायद्याचीच आज्ञा पाळतो, असे म्हणता येते. त्यात आणखी एक वास्तव मिसळा. ज्या बाईला स्वतःचे उत्पन्न नाही, माहेरी भावाच्या संसारात जागा नाही आणि पदरात दोन लेकरे आहेत, ती अनेकदा स्वतःच म्हणते की मला नांदायचे आहे, फक्त त्याला समजावा. तिला स्वातंत्र्यावर व्याख्यान देणारा समुपदेशक तिच्या परिस्थितीचा अपमान करतो. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटितांचे प्रमाण विवाहितांच्या ०.२४ टक्के होते आणि घटस्फोट न होता वेगळे राहणाऱ्यांचे ०.६१ टक्के, म्हणजे अडीच पटीहून अधिक. यांत परित्यक्ता किती, हे विदर्भातल्या खेड्यापाड्यांत वावरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. घर मोडले की बाई मोडते, हे म्हणणे पोकळ नाही.

हे सगळे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. पहिली अशी की कलम ९ मध्ये तडजोड सांगितली आहे आणि ती दाव्याच्या विषयाबाबत आहे. पोटगीची रक्कम, मुलांचा ताबा, स्त्रीधन परत करणे, घराचा प्रश्न, सन्मानाने वेगळे होणे, हे सारे तडजोडीत बसते. पुन्हा एका छताखाली राहणे हा तडजोडीचा एकमेव अर्थ कायद्याने लावलेला नाही. तो आपण लावला आहे. दुसरी अशी की निराधार बाईला खरोखर मदत करायची असेल, तर तिला ‘सांभाळून घे’ हा सल्ला पुरत नाही. पगारातून दरमहा किती रक्कम तिच्या हाती येणार, दारू पिऊन आल्यास ती कोठे जाणार, सासरा-दीर यांच्यापैकी कोण जबाबदारी घेणार, अट मोडली तर पुढचा अर्ज कोणाकडे, हे लिहून ठरले पाहिजे आणि कोणीतरी ते पुन्हा तपासले पाहिजे. गरज जितकी मोठी तितक्या अटी काटेकोर हव्यात. प्रत्यक्षात उलट घडते. जिला जाण्यासाठी दुसरी जागा नाही तिला सर्वांत कमी अटींवर परत पाठवले जाते, कारण ती हो म्हणते.

एकत्र राहण्याची सक्ती करून संसार होत नाही, हा धडा महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पत्नीविरुद्ध सहवासाचा दावा लावला. बालपणी लावून दिलेल्या लग्नात नांदायला रखमाबाईंनी नकार दिला होता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निर्णय दिला, तो अपिलात टिकला नाही, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर प्रकरण मिटले आणि पुढे त्या डॉक्टर होऊन आयुष्यभर रुग्णसेवा करीत राहिल्या. त्या वेळी तिच्या विरोधात लिहिणारे सगळेच दुष्ट नव्हते. कुटुंबसंस्था ढासळेल ही त्यांची भीती खरी होती. कुटुंबसंस्था ढासळली नाही. तरीही सहवासाच्या पुनःस्थापनेचे कलम हिंदू विवाह कायद्यात आले, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सरोज राणी प्रकरणात ते वैध मानताना विवाह मोडू नये यासाठी ते सामाजिक हेतू साधते, असे कारण दिले. न्यायालयाच्या आदेशाने जे रखमाबाईंकडून करवून घेता आले नाही, ते आज समुपदेशकाच्या गोड शब्दांनी करवून घ्यावे, अशी अपेक्षा आपण ठेवत आहोत का?

आता दुसरे भक्कम म्हणणे, स्त्री-चळवळीचे. जिथे मारहाण आहे तिथे दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करणेच धोक्याचे आहे, असे ते आहे, आणि मी ते जवळजवळ पूर्णपणे मान्य करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वयोगटातील २९.३ टक्के विवाहित वा एकदा विवाह झालेल्या स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. ही सगळ्या स्त्रियांची सरासरी आहे. तक्रार घेऊन समुपदेशकापर्यंत पोचणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण याहून कमी असेल असे मानायला काहीही आधार नाही. म्हणजे समोर बसलेल्या प्रत्येक जोडप्याबाबत हिंसेची शक्यता आधी तपासली पाहिजे. ती तपासायची तर दोघांना वेगवेगळे भेटावे लागते. नवऱ्याच्या समोर ‘तुम्हाला मारतात का’ असे विचारणे म्हणजे प्रश्नच न विचारणे होय. तिने खरे सांगितले तर त्याच दुचाकीवर मागे बसून तिला त्याच घरी परतायचे असते. एका खोलीत, एका टेबलाभोवती, दोन्हीकडच्या माणसांदेखत चालणाऱ्या बैठकीत हे कधीच कळणार नाही.

कौटुंबिक उपचारशास्त्राने स्वतः या बाबतीत मोठी चूक केली होती. कुटुंब ही एक व्यवस्था आहे, एकाच्या वागण्याला दुसऱ्याचे वागणे कारण होते आणि त्याला पुन्हा पहिल्याचे, असे चक्र पाहायला शिकवणे हे या शास्त्राचे सामर्थ्य. तिची कटकट वाढते म्हणून तो घराबाहेर राहतो आणि तो घराबाहेर राहतो म्हणून तिची कटकट वाढते, इथपर्यंत हे ठीक आहे. पण हेच चक्र मारहाणीला लावले की मार खाणारी त्या माराची भागीदार ठरते. रेचल हेअर-मस्टिन यांनी १९७८ मध्ये आणि त्यानंतर व्हर्जिनिया गोल्डनर यांच्यासारख्या अभ्यासकांनी आपल्याच क्षेत्राला हे खडसावून सांगितले: घरातली सत्ता समान नसताना तटस्थ राहणारा उपचारक बलवानाच्या बाजूला असतो. हे त्या क्षेत्राने ऐकले. मायकेल जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये भांडणाच्या भरात घडणारी हिंसा आणि जोडीदारावर दहशतीने ताबा ठेवणारी हिंसा यांतला फरक मांडला. दुसऱ्या प्रकारात जोडप्याचे एकत्र सत्र घेऊ नये. पहिल्यात, काटेकोर तपासणीनंतर आणि दोघांची वेगवेगळी संमती घेऊन, क्वचित घेता येते. वर उल्लेखलेल्या १३४ जोडप्यांच्या अभ्यासातही गंभीर मारहाण असलेली जोडपी आधीच वगळली होती. त्या यशाचे दाखले देऊन मारहाणीच्या प्रकरणांत एकत्र बैठक घेणे म्हणूनच अशास्त्रीय आहे.

आपला कायदाही येथे बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा शहाणा आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा, त्याखालचे नियम २००६ चे. त्यांतील नियम १४ प्रमाणे समुपदेशनात पुरुषाने हिंसा करणार नाही अशी हमी द्यायची असते, केलेल्या हिंसेचे कोणतेही समर्थन त्याला तेथे मांडता येत नाही, आणि तडजोडीचा प्रयत्न करायचा तो पीडित स्त्रीची इच्छा असेल तर. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उचलला’ हे वाक्य ऐकून घेऊन ‘दोघांनीही थोडे सांभाळा’ असे म्हणणारी बैठक या नियमाच्या थेट विरोधात जाते. आणि पोलीस ठाण्याच्या आवारात नीट काम होऊच शकत नाही, असेही नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केले आणि ती रचना पुढे महाराष्ट्रभर गेली. तेथे पोलिसांच्या जागेत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसतात आणि हिंसा थांबवणे हा पहिला मुद्दा धरतात. स्त्री-चळवळीचे म्हणणे ऐकून समुपदेशन बंद करण्याऐवजी ते कोणत्या क्रमाने करावे, याचा हा आपल्याच राज्यातला नमुना आहे.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे शास्त्र परदेशी आहे. दोन स्वतंत्र व्यक्तींच्या लग्नासाठी घडलेले उपचार सासू-सासरे, दीर-नणंदा आणि दोन गावांचे व्याही असलेल्या लग्नाला कसे लागू पडणार? यातला अर्धा भाग खरा आहे. जोडप्यांवरचे बहुतेक मोठे प्रयोग अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय जोडप्यांवर झाले आहेत आणि त्यांतले टक्के नागपूरच्या नंदनवनात किंवा बुटीबोरीच्या कामगार वस्तीत जसेच्या तसे लागू होतील असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. पण कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची कल्पना परदेशातून आली, हे मात्र खरे नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले, त्यांना आजार समजावून सांगितला आणि शुश्रूषेत सहभागी केले. त्याच काळात पश्चिमेकडे नातेवाइकांना मनोरुग्णालयापासून दूर ठेवण्याकडे कल होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि पुढे बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने हीच वाट पक्की केली.

या तुलनेत पश्चिमेची चूक केवढी होती, तेही पाहण्यासारखे आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी स्किझोफ्रेनियाचे मूळ आईच्या वागण्यात शोधणारी संकल्पना मांडली आणि पुढची दोन-तीन दशके असंख्य आया मुलाच्या आजाराचा दोष घेऊन जगल्या. संशोधनाने तो दोष खोटा ठरवला. मग लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि नंतर ज्युलियन लेफ यांनी वेगळा प्रश्न विचारला: आजार कशाने होतो ते राहू द्या, घरातल्या सततच्या टीकेने तो उलटतो का? उत्तर होकारार्थी आले. चंडीगडमध्ये डॉ. नरेंद्र विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजले तेव्हा तिथल्या नातेवाइकांत टीका आणि वैरभाव लंडनच्या तुलनेत कमी आढळले. म्हणजे आपल्या कुटुंबात काही बळ आहे, हे अभिमानाने सांगण्याजोगे आणि मोजून सिद्ध झालेले आहे. मात्र त्याचा वापर कसा करायचा? नातेवाईक खोलीत असावेत, पण न्यायाधीश म्हणून नव्हे आणि आरोपी म्हणूनही नव्हे. सासूला दोष देऊन मोकळे होणारा समुपदेशक १९४८ ची तीच चूक मराठीत करतो, आणि सासूच्या हाती निकाल सोपवणारा सुनेला वाऱ्यावर सोडतो.

येथेच जुन्या जाणत्यांच्या बैठकीचा मुद्दा येतो, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. मामा, मावसा, गावचे पाटील, समाजाचे अध्यक्ष यांनी फुकट वेळ दिला, पुन्हा पुन्हा घरी येऊन विचारपूस केली आणि बेताल नवऱ्याला थोडा तरी धाक बसवला. आजच्या कोणत्याही कार्यालयाला हा पाठपुरावा जमलेला नाही. परंतु त्या बैठकीत बसणारे प्रत्येक जण त्या लग्नाचे हितसंबंधी होते. धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, समाजात नाव जाईल, हे ओझे बाईच्या गाऱ्हाण्यापेक्षा नेहमीच जड ठरले. शिवाय तेथे सांगितलेले गुपित राहत नव्हते. पलंगावरचे दुःख, व्यसन, वंध्यत्व, मनाचा आजार यांबद्दल वीस माणसांत कोण बोलणार? हे जाणूनच र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. नवरा-बायकोच्या खाजगी प्रश्नांना नाव न उघडता, माहितीच्या आधारे, नीतीचा दंडुका न उगारता उत्तर देता येते, हे मराठी समाजाला त्यांनी दाखवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि त्यांतल्या एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. समुपदेशन ही आपल्या मातीत न रुजणारी गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा.

समुपदेशक घरे फोडतात, हा आरोप मी थोडक्यात हाताळतो, कारण इतिहास त्याच्या उलट आहे. अमेरिकेत विवाह-समुपदेशनाचा पाया घालणारे पॉल पोपेनो हे सुप्रजननवादी होते. १९३० मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी संस्था काढली ती ‘योग्य’ लोकांची लग्ने टिकावीत आणि त्यांना मुले व्हावीत म्हणून. व्यवसायाचा जन्म घर टिकवण्याच्या आग्रहातूनच झाला आणि तो आग्रह किती घातक विचारांच्या सोबतीने आला, हे आज स्पष्ट दिसते. या आरोपात तथ्य एवढेच की काही समुपदेशक एकाची बाजू ऐकून दुसऱ्याला न पाहताच नाते विषारी असल्याचा निकाल देतात. ते गैर आहे आणि त्याला आळा हवा. त्यावरचा उपायही शोधला गेला आहे. एकाला राहायचे आहे आणि दुसऱ्याला निघायचे आहे अशा जोडप्यांसाठी विल्यम डोहर्टी यांनी मिनेसोटात जास्तीत जास्त पाच भेटींची पद्धत बसवली. डोहर्टी स्वतः विवाहाचे समर्थक आहेत, तरीही या भेटींत ते लग्न वाचवण्याचा प्रयत्न करीत नाहीत. बहुतेक वेळ प्रत्येकाशी वेगळे बोलून त्याला स्वतःचा निर्णय स्पष्ट दिसावा एवढेच पाहतात. आपल्या कौटुंबिक न्यायालयांत येणाऱ्या प्रकरणांतली बरीचशी नेमकी अशीच असतात.

लग्नापूर्वीच्या सक्तीच्या समुपदेशनाबद्दलही एक इशारा द्यावासा वाटतो. अमेरिकेच्या संघ सरकारने लग्न न झालेल्या गरीब पालक-जोडप्यांसाठी नात्यांच्या शिक्षणाचा मोठा कार्यक्रम आठ ठिकाणी राबवला आणि सुमारे पाच हजार जोडप्यांवर त्याची यादृच्छिक तपासणी केली. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या अहवालात एकूण परिणाम शून्याच्या आसपास निघाला. ओक्लाहोमा सिटीत थोडा लाभ झाला, तर बाल्टिमोरमध्ये नाती उलट बिघडली. सद्हेतूने दिलेले व्याख्यान निरुपद्रवी असते हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो. तसेच अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या प्रयोगशाळेच्या नावाने फिरणारे, संवादाच्या काही मिनिटांवरून घटस्फोट नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखता येतो, हे विधान जपून घ्यावे. ज्या जोडप्यांवरून सूत्र बांधले त्यांच्यावरच ते तपासले तर ते अचूक दिसणारच. नव्या जोडप्यांवर तपासल्याशिवाय त्याला भाकीत म्हणता येत नाही, हे रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी २००१ मध्ये दाखवून दिले. गॉटमन यांचे निरीक्षण मात्र मोलाचे आहे: रागापेक्षा तुच्छता नात्याला अधिक पोखरते. ज्या बैठकीत बाईला सर्वांसमोर तुच्छ लेखले जाते, तेथून संसाराला बळ कसे मिळणार?

माणसे कोठून आणायची, हा शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. विवाह-समुपदेशक ही पाटी आज कोणीही लावू शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी असते, पण या कामाला वेगळा परवाना नाही. तज्ज्ञ थोडे आहेत हे खरे. परंतु गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदवीधर तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य आणि घातक मद्यपान यांवर परिणामकारक उपचार दिले, आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते शक्य झाले कारण पद्धत लिहिलेली होती, सत्रे ठरलेली होती, ध्वनिमुद्रणे ऐकून देखरेख होत होती आणि परिणाम मोजला जात होता. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांचे मनोविकार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आणि समाजकार्याची महाविद्यालये आहेत. कौटुंबिक न्यायालयातील आणि पोलिसांच्या कक्षांतील समुपदेशकांना यांच्याशी जोडून दर आठवड्याला प्रकरणांची चर्चा व देखरेख सुरू करण्यासाठी नवी इमारत लागत नाही. हिंसेची वेगळी चौकशी झाल्याशिवाय एकत्र सत्र नाही, हा नियम उद्यापासून लागू करता येईल.

आणि नोंदवहीतला रकाना बदलावा लागेल. समेट झाला वा नाही, याऐवजी हिंसेची तपासणी वेगवेगळी झाली का, कोणत्या अटी लिहून ठरल्या, निर्णय कोणी मांडला, आणि सहा महिन्यांनी व वर्षाने त्या अटींचे काय झाले, हे लिहिले जावे. यात वेगळे झालेल्या जोडप्यांचाही पाठपुरावा यावा: पोटगी मिळते का, मुले दोघांना भेटतात का, मुले शाळेत नीट जातात का. हा पाठपुरावा नवऱ्याच्या मोबाइलवर एक फोन करून उरकता येणार नाही, कारण शेजारी सासू उभी असताना ‘सगळं ठीक आहे’ याशिवाय दुसरे उत्तर येत नसते. तिच्याशी कधी, कोणत्या क्रमांकावर आणि कोठे बोलायचे, हे पहिल्याच वेगळ्या भेटीत तिला विचारून लिहून ठेवावे लागेल.